भिंतीकडे बघणारे डोळे

गल्लीत त्याला सगळे जोडारी म्हणायचे. उभी उमर त्याने कारखान्यात यंत्रांचे भाग एकमेकांत बसवण्यात घालवली. कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हात शिवशिवतात म्हणून मग तो जुने संगणक जोडायला लागला. लोकांनी 'आता हा चालत नाही' म्हणून माळ्यावर चढवलेले, पलंगाखाली ढकललेले, एकाने तर दाराला अडसर म्हणून लावलेला, असले सगळे संगणक त्याच्या पुढच्या खोलीत यायचे आणि चालते होऊन परत जायचे.

यात जादू काही नव्हती. यंत्रावर तो लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालायचा आणि त्यावर एक हलका डेस्कटॉप. डेस्कटॉप म्हणजे पडद्यावर दिसणारा सगळा संसार: खिडक्या, खालची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ. अलीकडे हा संसार इतका नटवा झालाय की म्हातारं यंत्र नुसतं जागं होतानाच धापा टाकतं. जोडारीचा डेस्कटॉप किडकिडीत आणि कमी बोलणारा, अगदी मालकासारखा. "यंत्र म्हातारं झालं म्हणून फेकायचं नसतं," तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "त्याच्या अंगावरचं ओझं उतरवायचं असतं." एवढं बोलला की त्याचा दिवसभराचा बोलण्याचा कोटा संपायचा.

बाकीचं बोलायला बायको होती. ती बायकांना शिवण शिकवायची आणि गल्ली तिला शिवणबाई म्हणायची. भांडण हा त्या दोघांचा आवडता उद्योग होता. पंखा किती वेगाने फिरवायचा, भात किती शिजवायचा, दाराची कडी आधी लावायची की दिवा आधी बंद करायचा, कशावरूनही जुंपायची. शेवट मात्र ठरलेला. ती जिंकायची आणि तो मान हलवत पुढच्या खोलीत निघून जायचा. इतकं गोडीगुलाबीने भांडणारं जोडपं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, नाकातून अन्नाची नळी आली. शिल्लक राहिला तो डाव्या हाताचा अंगठा आणि डोक्यात शाबूत असलेली शिवणबाई.

जोडारी रडत बसला नाही, भिंतीला भोक पाडायला बसला. पुढच्या खोलीतल्या आपल्या संगणकाची एक तार त्याने भिंतीतून आतल्या खोलीत नेली आणि तिच्या पलंगाच्या पायथ्याशी दुसरा पडदा उभा केला. तिच्या अंगठ्याखाली ठेवला गोळ्याचा माउस, ज्यात माउस जागचा हलत नाही, नुसता गोळा फिरवायचा. संगणक एक, पडदे दोन आणि बाणही एकच. तिने गोळा फिरवला की बाण त्याच्या पडद्यावरून सरकत डावीकडे भिंतीत शिरायचा आणि पलीकडे तिच्या पडद्यावर निघायचा. तिथे त्याने स्वतः बनवलेला फळा होता, चौकटी-चौकटींचा. एकेका चौकटीत एकेक शब्द. बाण ज्या शब्दावर थांबेल तो तिने बोललेला शब्द.

पण ती बोलतेय हे बाहेर बसलेल्या माणसाला कळावं कसं? यासाठी त्याने एक जुना खेळ शोधून काढला. पडद्यावर नुसते दोन गोल डोळे. बाण जिकडे जाईल तिकडे त्यांची बुबुळं वळतात. उपयोग शून्य, कुणीतरी गमतीने केलेला प्रोग्रॅम. जोडारीने ते डोळे आपल्या पडद्याच्या कोपऱ्यात कायमचे बसवले. हातात पेचकस असला तरी एक लक्ष तिकडे. डोळे डावीकडे, भिंतीकडे वळले की समजायचं, आतून हाक आली.

गिऱ्हाइकांना ते डोळे अजिबात आवडायचे नाहीत. "ते बंद करा हो," एकजण म्हणाला होता, "मी बोलतोय तुमच्याशी आणि ते बघतायत भलतीकडेच." जोडारीने मान वळवून पाहिलं आणि गिऱ्हाइकाला तसंच उभं सोडून तो आत गेला.

वर्षभर हे बरं चाललं. ती फळ्यावरूनसुद्धा भांडायची. मग दुसरा झटका आला.

या खेपेला इस्पितळातून ती घरी आली तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण ते कुणावर थांबत नव्हते. हाक मारा, चिमटा काढा, काही नाही. डॉक्टर सभ्य बाई होत्या, त्यांनी सांभाळून सांगितलं, "श्वास आहे, पचन आहे. पण त्यांना काही कळतंय असं आम्हाला तरी दिसत नाही." जोडारी हो म्हणाला आणि घरी येऊन त्याने फळा नव्याने बांधला. चौकटी थोड्या ठेवल्या, पण ताटाएवढ्या मोठ्या. मध्ये 'ये'. भोवती 'हो', 'नाही', 'पाणी', 'उजेड', 'गाणं', 'कूस', 'झोप' आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात 'दुखतंय'. अंगठ्याला फार कष्ट पडू नयेत म्हणून सगळ्यांत लागणारा शब्द अगदी मधोमध.

आणि हाका यायला लागल्या. पूर्वी कधी आल्या नव्हत्या इतक्या.

डोळे भिंतीकडे वळायचे. तो आत जायचा, बाण 'ये'वर. "आलो, आलो," तो म्हणायचा, तिच्या कपाळावर हात ठेवायचा, बाजारात काय झालं ते सांगायचा. तिची नजर छताच्या एका कोपऱ्यात. बाहेर येऊन तो बाण परत आपल्या पडद्यावर ओढायचा, नाहीतर पुढची हाक कळणार कशी? जरा वेळ जायचा आणि डोळे पुन्हा भिंतीकडे. दिवसा तसंच, रात्री तसंच. त्याने आपली खाट पुढच्या खोलीतच टाकली. अंधारात ते दोन पांढरे गोल चमकत राहायचे आणि डुलकी लागते न लागते तोच वळायचे.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती आणि ती तो मोठ्या अभिमानाने सांगायचा. तो माउस हातात धरून काम करत असला की ती कधीच हाक मारायची नाही. माउस सोडून त्याने पेचकस उचलला, चहाचा कप उचलला, की मग. "मी मोकळा झालो की तिला भिंतीपलीकडून कळतं बघ," तो आपल्या मुलीला म्हणाला. मुलीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिच्या अंगावर काटा आला होता, हे तिने नंतर सांगितलं.

मुलगी दुसऱ्या गावात नोकरीला होती आणि सुट्टीला यायची. एकुलती एक, आणि जिभेने आईवर गेलेली. त्या सुट्टीला ती आली तेव्हा बापाच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. तारा जोडायला डाग देण्याची तापलेली सळी हातात असताना त्याला बसल्या जागी झोप लागली होती.

"बाबा, आरशात बघा कधी," ती म्हणाली. "तुम्ही उद्या पडलात तर दोघांचं कोण करणार? शुश्रूषा केंद्रात जागा मिळतेय. चोवीस तास माणसं असतात तिथे. सोमवारी गाडी येईल."

"तिला कळतंय सगळं. ती बोलावते मला."

"तुमचाच धक्का लागत असेल माउसला. मी इथे असताना एकदा तरी 'ये' सोडून दुसऱ्या शब्दावर गेला बाण?"

मुलीचा आवाज खाली आला. "आई आत आहे असं मला एकदा दाखवा. एकदाच. तिला कळत असेल तर तिला विचारल्याशिवाय मी तिला अनोळखी माणसांत नेऊन टाकणार नाही. पण ती नसेलच, तर तिच्यापायी मी तुम्हाला मरू देणार नाही." एवढं बोलून ती गेली. सोमवार यायला आठवडासुद्धा नव्हता.

माणूस अशा वेळी काय करतो? जोडारी कामाला लागला. एका शाळेचे संगणक यायचे होते, आणि त्याच्या लाडक्या हलक्या डेस्कटॉपने पडद्याच्या नव्या यंत्रणेवर पाय ठेवला होता. दुसऱ्याच्या यंत्रावर घालायचं ते आधी आपल्या यंत्रावर घालून बघायचं, हा त्याचा नेम.

ही नवी यंत्रणा काय भानगड आहे ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पडद्यावर कोणी कुठे दिसायचं, बाण कुठे आहे, कळ कुणासाठी दाबली, हे सगळं सांभाळणारं एक खातं संगणकात असतं. जुनं खातं म्हणजे एकच मोठी खोली, आडपडदा नाही. सगळे प्रोग्रॅम तिथे एकत्र नांदतात. कुणीही कुणाचं बघावं, कुणीही बाणाला धरून हवं तिकडे न्यावं, विचारणारं कोणी नाही. नवं खातं, वेलँड नावाचं, कडक आहे. ज्याला त्याला वेगळी खोली आणि दाराला कडी. शेजारी डोकावायचं नाही आणि बाणाला तर हातच लावायचा नाही, तो फक्त माणसाच्या हाताने हलणार. जुन्या वळणाच्या प्रोग्रॅमांना मात्र सगळ्यांना मिळून एक खोली दिलेली असते. एकमेकांचं त्यांना दिसतं, खोलीबाहेरचं नाही.

सकाळी त्याने सगळं बसवलं आणि संगणक नव्याने सुरू केला. दारातच यंत्राने विचारलं, जुन्या पद्धतीने जायचं की नव्या? त्याने नवी निवडली.

पडदा उजळला. खिडक्या झटपट उघडत होत्या, हलवताना जराही फाटत नव्हत्या. जोडारीला मनापासून बरं वाटलं. त्याने माउस या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, आणि कोपऱ्याकडे लक्ष गेलं.

डोळे हलत नव्हते.

बाण त्यांच्या नाकासमोरून गेला, वर गेला, खाली गेला. बुबुळं जागच्या जागी. इतके महिने तो त्या डोळ्यांखाली जेवला होता, झोपला होता, आणि आता ते उघडे होते पण कुणावर थांबत नव्हते. हे असे डोळे त्याने दुसरीकडे रोज पाहिले होते. तो धावतच आत गेला.

ती होती तशीच होती. श्वास चालू, नजर छताला. सांभाळायला येणाऱ्या मावशी तिचे केस विंचरत होत्या. "काय झालं हो?" त्यांनी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला आणि परत येऊन खुर्चीत बसला.

जरा डोकं ताळ्यावर आल्यावर त्याने उलगडा केला. डोळ्यांचा खेळ जुन्या वळणाचा, त्याच्या नव्या खिडक्या नव्या वळणाच्या. बाण नव्या खिडक्यांवर असला की डोळ्यांना तो दिसतच नाही. आणि तिचा फळा? तो त्याने स्वतः जुन्या पद्धतीनेच बांधलेला. त्याने बाण डावीकडे भिंतीत ढकलला. पलीकडे बाण फळ्यावर पोचला असेल नसेल, तोच डोळे दचकून जागे झाले आणि भिंतीकडे वळले.

म्हणजे आता त्या डोळ्यांना जगात फक्त एकच गोष्ट दिसत होती, तिचा फळा. बाकी सगळ्याला ते आंधळे. जोडारीने बाण परत आपल्याकडे घेतला आणि हाकेची वाट बघत कामाला लागला.

हाक आली नाही.

त्याने मुद्दाम माउस सोडला, पेचकस उचलला. चहा केला, कप हातात धरून बसला. डोळे ढिम्म. दुपार झाली. पंखा फिरत होता, आतून मावशींच्या बांगडीचा आवाज येत होता आणि घरात अशी शांतता होती की जोडारीला आपलाच श्वास खोटा वाटायला लागला. शेवटी मावशी दारात आल्या. "आज तुम्ही एकदाही आत फेरी मारली नाहीत," त्या म्हणाल्या. "भांडलात की काय?"

तो दिवस तसाच गेला आणि दुसराही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला राहवेना. त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि जुनी पद्धत निवडली. डोळे ताबडतोब बाणाच्या मागे धावायला लागले. त्याने माउस टेबलावर सोडला, हात मांडीवर ठेवले आणि बघत बसला. जरा वेळ गेला. मग बाण आपण होऊन सरकला आणि भिंतीत नाहीसा झाला. डोळे भिंतीकडे.

"आली!" जोडारी मोठ्याने ओरडला. "मावशी, आली ती!" आणि आत पळाला.

मावशी पलंगापासून लांब, खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाण 'ये'वर होता. जोडारीला इतका आनंद झाला की त्याने पलंगावर बसून तिचा डावा हात गोळ्यावरून उचलला आणि आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "कुठे गेली होतीस?" तो म्हणाला. "मावशी, जरा बाहेर जाऊन तो बाण माझ्या पडद्यावर ओढा. तिला पुन्हा बोलावू दे."

मावशींनी बाहेर जाऊन बाण ओढला आणि परत येऊन त्या दारात उभ्या राहिल्या. खोलीत तिघंच माणसं. बाहेर कोणी नाही. गोळा उशीवर एकटा पडलेला. तिचा हात जोडारीच्या हातात, गार आणि जड.

पलंगाच्या पायथ्याशी, पडद्याच्या उजव्या कडेतून बाण आत आला. सावकाश सरकत मध्यावर गेला आणि 'ये'वर थांबला.

मावशींनी दाराची चौकट धरली. जोडारीच्या हातातला तिचा हात तसाच पडून होता, आणि त्याला पहिल्यांदा त्या हाताची भीती वाटली. बायकोच्या हाताची. 'ये' म्हणत होतं ते कोण मग? इतके महिने रात्री-बेरात्री आपण कुणाच्या हाकेला 'आलो, आलो' म्हणत होतो?

"मी उद्यापासून येणार नाही," मावशी कशाबशा म्हणाल्या.

"थांबा," तो म्हणाला. त्याने तिचा हात हळूच परत गोळ्यावर ठेवला, अंगठा जागेवर लावला. मावशींना धीर द्यायचा म्हणून की स्वतःला, कोण जाणे. आणि तो पडद्याकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

बाण किंचित हलला. 'ये'च्या मध्यापासून केसभर डावीकडे, केसभर खाली. थांबला. जोडारीने अंगठ्याकडे पाहिलं. अंगठ्याचं पेर थरथरत होतं, दमल्यासारखं. त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी बाण आपण होऊन सरकला आणि 'ये'च्या बरोबर मध्यावर जाऊन बसला. अंगठा पुन्हा जोर करायला लागला. केसभर डावीकडे, केसभर खाली, विसावा. आणि बाण पुन्हा मध्यावर.

तेव्हा त्याला आठवलं.

पहिल्या झटक्यानंतरची गोष्ट. ती बाण फळ्याच्या कडेला नेऊन सोडायची किंवा तो आपल्या पडद्यावर विसरायचा, आणि मग परत आणताना तिच्या अंगठ्याची दमछाक व्हायची. म्हणून त्याने एका बैठकीत एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला होता. बाण जरा वेळ स्वस्थ राहिला की त्याने गुपचूप बाणाला धरायचं आणि फळ्याच्या मधल्या चौकटीत नेऊन ठेवायचं. मधली चौकट तेव्हा रिकामी होती, त्यामुळे डोळे भिंतीकडे वळले तरी आत कुठला शब्द दिसायचा नाही आणि तो हाक न समजता मागे फिरायचा. तिला बाण नेहमी तिथे सापडायचा आणि तिचा अंगठा तेव्हा इतका चपळ होता की कसली अडचण आली नाही. प्रोग्रॅम यंत्राबरोबर आपोआप सुरू व्हायचा, म्हणून तो विसरूनही गेला होता. आणि दुसऱ्या झटक्यानंतर नवा फळा बांधताना त्या मधल्या चौकटीत त्याने, मोठ्या प्रेमाने, 'ये' लिहिलं होतं.

त्याने माउस सोडला की हाक का यायची, हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. हाक त्याची त्यालाच येत होती. पण ते एवढ्यावर थांबत नव्हतं. आत पडलेली बाई दर वेळी सगळा जीव अंगठ्यात आणून बाण केसभर ढकलत होती, श्वास घ्यायला थांबत होती, आणि तेवढ्यात नवऱ्याचा प्रोग्रॅम तिचं तोंड दाबून तिच्या वतीने 'ये' म्हणत होता. मग नवरा यायचा आणि बाजारभाव सांगायचा.

बाहेर जाऊन त्याने यंत्र नव्या पद्धतीने सुरू केलं. तो चिमुकला प्रोग्रॅम तिथेही उठला असणार, पण दाराला कडी होती, बाण त्याच्या हाती लागणार नव्हता. परवापासून घर शांत का होतं, तेही त्याला आता कळलं. बाण त्याच्या पडद्यावर पडून होता, तो भिंतीपलीकडून एवढा लांब ओढून नेण्याची ताकद तिच्यात नव्हती. त्याने माउसने बाण नेऊन फळ्याच्या मध्यावर ठेवला, माउसची तार उपटली आणि त्या डोळ्यांसमोर बसला. आत जाऊन तिचा अंगठा बघत बसायचं धैर्य त्याला नव्हतं.

डोळे भिंतीकडे बघत होते, सरळ रेषेत. आता त्यांना हलवणारं जगात एकच माणूस होतं, जर ते असलं तर.

बुबुळं हलली की नाही हे त्याला आधी कळेना. त्याने पडद्यावर पेन्सिलीने एक बारीक खूण केली. चहा निवून गेला. खुणेपासून बुबुळ सरकलं होतं. सरकलं, थांबलं. खूप वेळ थांबलं, इतका की त्याला वाटलं संपलं. पण कोणी बाणाला मागे ओढलं नाही. मग पुन्हा सरकलं. भिंतीपलीकडून कुणीतरी एखादं कपाट इंच-इंच ढकलत आणावं तसे ते डोळे खाली उतरत होते. दुपारची उन्हं टेबलावरून जमिनीवर गेली तेव्हा ते एका जागी ठरले.

तो आत गेला. बाण डाव्या खालच्या कोपऱ्यात होता. 'दुखतंय'.

"अगं," तो म्हणाला. मावशींनीच पुढे होऊन विचारायला सुरुवात केली, पाठ का, पाय का, पोट का. प्रत्येक प्रश्नानंतर वाट बघायची. 'नाही'वर जायला बाणाला किती वेळ लागायचा. संध्याकाळ झाली तरी ती थकली नाही, की थकली तरी थांबली नाही. शेवटी "तोंडात?" असं विचारल्यावर बाण तिथून निघाला आणि 'हो'वर गेला.

अन्न नळीतून जात होतं, तेव्हा तोंडात आतपर्यंत बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जोडारीने कामाची विजेरी आणली. मागची एक दाढ तुटून तिला धार आली होती आणि जिभेची कड सोलून काढून तिथे जखम झाली होती. जखम जुनी होती. किती जुनी, हे त्याने डॉक्टरांना विचारलं नाही. त्याला ते ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाताचे डॉक्टर घरी येऊन दाढ घासून गेले, औषध लावून गेले, आणि त्या रात्री तिचे डोळे मिटले तेव्हा ती झोपली आहे हे सांगायला कुणाची गरज पडली नाही.

सोमवारी गाडी आली आणि गाडीतून मुलगी उतरली. जोडारीने तिला दारातच आपल्या चिमुकल्या प्रोग्रॅमची करणी सांगितली. पलंगाशी नेलं, स्टुलावर बसवलं, म्हणाला, "विचार."

"आई," मुलगी म्हणाली, "मी कोण हे कळतंय तुला?"

बाण 'हो'वर पोचेपर्यंत गाडीवाल्याने बाहेरून दोनदा भोंगा वाजवला. बाण पोचला तेव्हा मुलीने तोंडावर हात घेतला, आणि मग आईच्या पायावर डोकं ठेवून ती लहान पोरीसारखी रडली. जोडारी शेजारी उभा होता आणि त्याला वाटत होतं, जिंकलो. आयुष्यात पहिल्यांदा या घरात मी काहीतरी जिंकलो.

"गाडी परत पाठव," तो म्हणाला.

"पाठवते." मुलीने डोळे पुसले. "पण मी म्हटलं होतं, तिला विचारल्याशिवाय काही नाही. मग विचारू दे तरी. आई, तुला इथेच राहायचंय ना? घरी?"

जोडारी हसला. हा काय प्रश्न झाला!

बाण 'हो'वरच होता. त्याला हलायचीसुद्धा गरज नव्हती. पण तो हलला. केसभर, विसावा, केसभर, विसावा. जोडारीचं हसू तसंच राहिलं, काढून घ्यायचं कुणी म्हणून. बाण 'नाही'वर गेला आणि थांबला.

"चुकून," जोडारी म्हणाला. "दमलीय ती. चुकून गेला."

बाण तिथून उठला, पुन्हा निघाला, आणि किती तरी वेळाने दुसऱ्या चौकटीवर उतरला. 'झोप'.

"बघ, झोप आलीय तिला," तो म्हणाला. "मी म्हटलं ना? चल, दिवा बंद करू."

बाण परत 'नाही'वर यायला निघाला. मुलगी बाणाकडे बघत होती, आणि मग तिने बापाकडे पाहिलं, त्याच्या मनगटाकडे, आत गेलेल्या डोळ्यांकडे.

"बाबा, ती स्वतःचं नाही बोलत," ती म्हणाली. "रात्रभर तुम्ही आलो, आलो म्हणत धावत होतात, आणि तिने बोलावलेलंच नव्हतं. ती हे सगळं बघत पडली होती. आई, बाबांची झोप म्हणतेस ना?"

'हो'.

जोडारीचा चेहरा लाल झाला. "माझ्या झोपेचं माझं मी बघेन!" तो पलंगाकडे वळून ओरडला. "आता कळलंय ना सगळं? आता रात्री कोण कशाला उठवतंय मला? तू कुठेही जायची नाहीस!"

'नाही'.

"नाही काय नाही? तिथली माणसं फळा वाचत बसणार आहेत तुझा?"

बाण जागचा हलला नाही. शब्द तोच होता, पुन्हा म्हणायची गरज नव्हती. त्याने अनोळखी माणसांचं भय घातलं, रागावला, विनवण्या केल्या, एकदा दार आपटून बाहेर गेला आणि लगेच परत आला. मुलगी बाहेर जाऊन गाडीवाल्याला चहा देऊन आली. आतल्या खोलीत, कित्येक महिन्यांनी, नवराबायकोचं भांडण जुंपलं होतं, एका बाजूने आरडाओरडा आणि दुसऱ्या बाजूने एक शब्द.

उन्हं उतरली तेव्हा जोडारीने पडद्याच्या तारा सोडवायला घेतल्या. केंद्रातल्या खाटेच्या पायथ्याशी पडदा ठेवायला जागा आहे का, हे त्याने मुलीला फोन करून विचारायला लावलं. जागा होती.